जगताप बाईंचं खरं मूळ

जगताप बाईंची आणि माझी ओळख छत्रीने करून दिली. मे महिन्यातली दुपार होती, इंदूरच्या छत्रीबागेतल्या बोळात चपला डांबराला चिकटत होत्या, आणि मी बाईंच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात दहा मिनिटं उशिरा शिरले. शिरताच टेबलावर असा काही फाडकन आवाज झाला की मला वाटलं पंखाच कोसळला. पंखा जागेवर होता. टेबलावर एक लांब, काळी, लाकडी मुठीची छत्री आपटली गेली होती आणि आपटणाऱ्या बाई जेमतेम पावणेपाच फुटांच्या होत्या. "टाइम म्हणजे टाइम," त्या गरजल्या. "इंग्रजाचं बाकी सगळं नाल्यात फेक, घड्याळ तेवढं ठेव. बस तिकडे." मी बसले. घाबरून नाही हं, रागाने. सदतीस वर्षांच्या बाईवर असं कोणी ओरडतं का?

ती छत्री बाईंच्या हातात बारा महिने असायची. उन्हात नाही उघडली, पावसात नाही उघडली. जुलैच्या धो धो पावसात बाई ओल्याचिंब होऊन क्लासला यायच्या आणि छत्री बगलेत मिटलेली. "बाई, उघडा ना ती!" एकदा मी न राहवून म्हटलं. "ही पावसासाठी नाहीये," त्या पदर पिळत म्हणाल्या, "ही माणसांसाठी आहे." आणि खरंच होतं ते. एकदा क्लासमधल्या एका मुलीच्या मागे बाजारापासून दोन टवाळ लागले होते. बाईंनी एकाच्या नडगीवर अशी ठेवून दिली की तो लंगडत जुनी इंदूरपर्यंत पळाला. तेव्हापासून बोळात त्यांचं नाव 'छत्रीवाली मैडम' पडलं.

छत्रीच्या मुठीचा एक टवका उडालेला होता. तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मी आपली भाबडेपणाने म्हटलं, "बाई, द्या माझ्याकडे, आमच्या बाजूला छत्रीवाला बसतो, नवी मूठ बसवून आणते." बाईंनी माझं मनगट पकडलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "मुठीला हात लावशील तर बोटं मोडीन," त्या म्हणाल्या. गंमत करून राहिल्या असतील म्हणून मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. घरी जाईपर्यंत माझं मनगट लाल होतं.

आता तुम्ही म्हणाल, असल्या बाईकडे कशाला जायचं शिकायला? तर मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर होते, आणि इंग्रजी सुधारलं तर वर जायची आशा होती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे रोज एक तास घराबाहेर बसायला मिळत होतं, आणि नवरा त्या तासाची परवानगी देत होता. विवेक, माझा नवरा, लोकांत फार गोड माणूस. सगळ्यांना 'भिया, भिया', म्हणजे भाऊ, भाऊ करणारा, कोणाच्याही लग्नात वाढायला उभा राहणारा. घरी त्याचा हात सुटायचा. आधी तोंडात, मग जे हाताला लागेल त्याने. भाजी खारट, फोन उचलला नाही, त्याच्या आईला उलट बोलले, कारण काही का असेना. सासूबाई दार लोटून घ्यायच्या. माझ्या माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ, माधवी. कोणाला सांगणार?" मग मीही कोणाला सांगितलं नाही.

क्लासची खोली म्हणजे बाईंच्या घराचा पुढचा भाग. पंधरा खुर्च्या, एक फळा, आणि फळ्याच्या वर बाईंच्या यजमानांचा, अण्णांचा मोठा फोटो. अण्णांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, अण्णा स्वतः सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे वर्षानुवर्षांचे कार्यवाह. अख्खी वस्ती त्यांना देवमाणूस म्हणायची. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर गुरुवारी बाई स्टुलावर चढून फोटोला ताजा हार घालायच्या. बाईंना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. लहानपणी टायफॉइडमध्ये गेला, असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या. "डावीकडचं ऑफिस बंद आहे. काम असेल तर उजव्या खिडकीवर या."

शनिवार हवामानाचा. इतर क्लासांत मुलाखत कशी द्यायची वगैरे शिकवतात. बाई शनिवारी फक्त हवेचे, पावसाचे, वादळाचे इंग्रजी वाक्प्रचार शिकवायच्या. "इंग्रज माणूस सुरुवात हवेपासून करतो," त्या म्हणायच्या, "म्हणून आधी त्याचं आभाळ समजून घ्या." पण नुसता अर्थ सांगून भागायचं नाही. "अर्थ गाइडमध्ये मिळतो. मूळ सांग. कोण होतं, कुठे होतं, काय झालं? तीन गोष्टी. एक जरी कमी असेल तर ती अफवा." हे तीन प्रश्न विचारताना प्रत्येक प्रश्नाला छत्रीचं टोक फरशीवर आपटायचं. ठक, ठक, ठक.

एक मुलगा होता, मोबाइलच्या दुकानात काम करणारा. त्याला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आलं होतं. मुसळधार पाऊस हा अर्थ त्याने सांगितला आणि मग इंटरनेटवरून पाठ केलेली गोष्ट सुरू केली. जुन्या इंग्लंडात घरांना गवताची छपरं असायची, थंडीत मांजरं-कुत्री त्या छपरात झोपायची, जोराचा पाऊस आला की घसरून टपाटप खाली पडायची. सगळे खूश. बाईंनी खडू असा फेकला की तो थेट त्याच्या कपाळावर बसला. "अरे, तू कधी छपरावर चढून बघितलंस? कुत्रा गवताच्या उतरत्या छपरात झोपतो? झोपला तरी पावसात बाहेर का पडेल? आतच बसेल ना तो!" मुलगा कपाळ चोळत म्हणाला, "मग खरं काय मॅडम?" बाई म्हणाल्या, "पक्कं कोणालाच माहीत नाही. काही जाणकार म्हणतात, शहराच्या गटारांतून मेलेली जनावरं पुरात वाहत रस्त्यावर यायची, लोकांना वाटायचं आभाळातून पडली. घाण आहे, वास मारतो, म्हणून खरं असायची शक्यता जास्त. एक गोष्ट लिहून ठेवा. मूळ जर फार गोड वाटलं तर समजा, कोणीतरी काहीतरी झाकून राहिलंय."

मला तो शनिवार आवडला नाही. ज्याला लागलं त्याचं काय? बाईंच्या हाताला लगाम नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यांनी एका बाईची वही फाडली होती, एका मुलाचा कान पिळला होता, चहा गार म्हणून कप भिंतीवर फोडला होता. मार काय असतो ते मला माहीत होतं, म्हणून फेकलेल्या वस्तूचा आवाज झाला की माझे खांदे आपोआप वर जायचे. बाईंनी ते बघितलं होतं. तेव्हा मला कळलं नाही, पण त्यानंतर माझ्या खुर्चीच्या दिशेने त्यांनी कधी काही फेकलं नाही.

गोष्टी मात्र अशा सांगायच्या की हातातले पोहे गार व्हायचे. 'स्टील माय थंडर' घ्या, म्हणजे आपलं श्रेय दुसऱ्याने लाटणं. लंडनमधल्या एका नाटककाराने रंगमंचावर ढगांचा गडगडाट करायची नवी युक्ती शोधली. त्याचं नाटक आपटलं, थिएटरवाल्यांनी बंद केलं. थोड्या दिवसांनी तो दुसऱ्यांचं नाटक बघायला गेला, तर त्यात त्याचाच गडगडाट! बाई इथे खुर्चीवर उभ्या राहायच्या आणि नाटककार होऊन ओरडायच्या, "हलकटांनो! माझं नाटक चालवत नाही आणि माझा गडगडाट चोरता!" शेजारच्या घरातली माणसं खिडकीत यायची. 'थ्री शीट्स टु द विंड' म्हणजे झिंगलेला. शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाला बांधलेला दोर. तीन दोर सुटले की शीड फडफडतं आणि जहाज दारूड्यासारखं झोकांड्या खातं. तो वाक्प्रचार शिकल्यावर मी मनातल्या मनात विवेकचे दोर मोजायला लागले. दोनपर्यंत तो नुसता बडबडायचा. तीन झाले की मी मोरीत जाऊन आतून कडी लावायचे.

आणि मग आला 'अंडर द वेदर'. तब्येत बरी नसणे. बाई म्हणाल्या, "गाइड सांगतं आजारी. ओके. पण मूळ? जहाजाची एक बाजू असते, जिच्यावर वारा आणि लाटा थेट आदळतात. तिला म्हणतात वेदर साइड. काहींचं म्हणणं, त्या बाजूला ज्याची पाळी लागायची त्याची ही गत व्हायची. म्हणजे तो आजारी नव्हता रे! जिथे मारा होत होता त्या जागेवर त्याला उभं केलं होतं. दुसरे म्हणतात, आजारी खलाशाला डेकच्या खाली, हवेपासून आड झोपवायचे, तिथून आलं. मला पहिलं खरं वाटतं." त्या 'मला' शब्दावर छत्री आपटली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

आम्हा सगळ्यांना तो वाक्प्रचार भलताच आवडला. नवीन इंग्रजी शिकलेल्या माणसाची हीच तर गंमत असते, नवी साडी मिळाली की ती भाजी आणायलाही नेसायची. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो तो लिहायला लागला, 'सॉरी मॅडम, टुडे आय अॅम अंडर द वेदर.' मीही लिहिलं. चेहऱ्यावर वळ असला की क्लासला जाता यायचं नाही, आणि 'बाथरूममध्ये घसरले' किती वेळा सांगणार? इंग्रजीत सांगितलं की सभ्य वाटायचं. एका महिन्यात मी ते चार वेळा लिहिलं.

पाचव्या वेळी बाई स्वतः लॅबमध्ये आल्या. मी मास्क लावून बसले होते. "मास्क काढ," त्या म्हणाल्या. मी काढला. ओठ फाटला होता आणि गाल डोळ्यापर्यंत निळा होता. "काय झालं?" "बाथरूममध्ये घसरले बाई. साबण होता." बाईंनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "हे छपरावरचं कुत्रं आहे माधवी. घसरून पडलं म्हणे! खरं मूळ सांग. कोण, कुठे, काय झालं?" रांगेत पेशंट उभे होते. मी रिपोर्टची पाकिटं सरळ करत राहिले. मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. स्वतः लोकांवर कप फोडणारी बाई मला येऊन शिकवणार! "तुम्ही जा," मी म्हटलं. त्या गेल्या. दारातून एवढंच म्हणाल्या, "सांगशील तेव्हा सांग. पण जिवंत असेपर्यंत सांग."

पुढच्या शनिवारी ते घडलं. मी क्लासला गेले होते विवेकला न विचारता, कारण त्याने तो तास बंद केला होता. भर दुपारी तो क्लासच्या दारात आला. सगळ्यांसमोर आत शिरला, माझे केस धरले आणि मला खुर्चीसकट ओढलं. खुर्ची पडली, मी पडले, फळ्याखाली माझं डोकं आपटलं. "इंग्लिश शिकते? थांब, तुला इंग्लिश शिकवतो!" पंधरा माणसं बसली होती, एक उठलं नाही. बाई उठल्या. छत्री दोन्ही हातांनी धरून त्यांनी त्याच्या मनगटावर मारली. हाडाचा आवाज आला. माझे केस सुटले. त्याने शिवी दिली आणि बाईंना छातीवर धक्का दिला. पावणेपाच फुटांची बाई ती, टेबलाच्या कोपऱ्यावर पडली. कपाळातून रक्त इतकं आलं की पांढरी साडी गळ्यापासून कमरेपर्यंत लाल झाली. तरी त्यांनी छत्री सोडली नव्हती. आता मात्र मुलं धावली. तो मोबाइलवाला, ज्याच्या कपाळावर खडू बसला होता, त्यानेच विवेकला धरून ठेवलं.

तासाभरात आम्ही पोलीस थाण्यात होतो. बाईंच्या कपाळाला टाके आणि पट्टी. त्यांचा मुलगा सतीश ऑफिसमधून धावत आला होता. पंचेचाळिशीचा, शांत, आईला 'अहो आई' म्हणणारा. अण्णांचा तर भक्तच. विवेक एक हात पोटाशी धरून बसला होता आणि कोणाला खोटं वाटणार नाही अशा आवाजात दरोगासाहेबांना सांगत होता, "सर, मैडम छत्री लेकर मुझ पर दौड़ीं, बैलेंस गया, खुद गिर गईं। मैं तो वाइफ को घर ले जाने आया था। पूछ लीजिए इससे।" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्या.

साहेबांनी मला विचारलं. मी विवेककडे बघितलं, आणि माझ्या डोळ्यासमोर आमच्या मोरीची कडी आली. ती कडी आता ढिली झाली होती, दोन धक्क्यांत निघाली असती. मी म्हटलं, "हां सर. मैडम गिर गईं।"

हो, म्हटलं मी. ज्या बाईचं रक्त माझ्या ओढणीवर वाळत होतं, त्या बाईबद्दल मी असं म्हटलं. सतीश ओरडला, "माधवीताई, काय बोलता तुम्ही हे!" दरोगासाहेबांनी पेन बंद केलं. "माताजी, मियां-बीवी का मामला है। आप पढ़ी-लिखी हैं। चाय की प्याली में तूफ़ान मत लाइए।"

बाई म्हणाल्या, "प्याली बाहर से छोटी दिखती है साहब। जो अंदर डूब रहा है, उससे पूछो।" मग त्यांनी छत्री टेबलावर आडवी ठेवली. आपटली नाही, ठेवली. "अब लिखो। मेरा बायां कान। सबको बोलती हूं टायफॉइड में गया। झूठ है। मेरे पति ने मारा। छत्रीबाग के घर में, रसोई के दरवाज़े पर। अड़तीस साल हुए। उसके बाद सत्ताईस साल उनको खाना परोसा, और ग्यारह साल से फोटो को हार डाल रही हूं।"

"आई, चूप," सतीश म्हणाला. "चूप! अण्णांबद्दल, थाण्यात!"

बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळल्या, उजवा कान माझ्या बाजूला करून. "माधवी, हे माझं खरं मूळ. मला अडतीस वर्षं लागली. तुला तेवढा टाइम नाहीये."

सतीश निघून गेला. त्याच्या पायांचा आवाज जिन्यावरून गेला आणि मी बोलायला लागले. कोण, कुठे, काय झालं. आजचं सांगितलं, मग मागच्या आठवड्याचं, मग लग्नाच्या चौथ्या महिन्यातलं. हिंदी, मराठी, मध्येच इंग्रजी, काय तोंडाला येईल त्यात. साहेबांनी पेन पुन्हा उघडलं. विवेक दोनदा उठला, दोनदा बसवला गेला. मी थांबले तेव्हा पाण्याचा ग्लास कोणीतरी माझ्या हातात दिला होता.

त्या दिवसापासून आठ महिने मी बाईंच्या मागच्या खोलीत राहिले. केस चालू आहे, तारखा पडतात, विवेक अजून लोकांना भिया-भिया करतो. पण मी लॅबमध्ये रोज मास्क न लावता बसते. बाईंना मात्र ते महागात पडलं. दुसऱ्या दिवशी सतीश आला, स्टुलावर चढला, अण्णांचा फोटो काढला, कापडात गुंडाळला आणि घेऊन गेला. त्याचा फोन बंद, येणं बंद. दिवाळीला बाईंनी त्याच्या आवडीच्या शेवेचा डबा भरून ठेवला, संक्रांतीपर्यंत ती मऊ पडली. मंडळातल्या बायकांनी बाईंना भजनाला बोलावणं सोडलं. एवढ्या देवमाणसाची बदनामी, तीही तो नसताना! "फेअर वेदर फ्रेंड्स, हवा चांगली असेपर्यंतच्या मैत्रिणी," बाई म्हणायच्या. "ह्याचं मूळ शोधायची गरज नाही, खिडकीतून दिसतं."

एकदा मी विचारलं, "बाई, पस्तावा होतो का?" त्या भाजी निवडत होत्या. "मुलगा गेला, दुखतं. खूप दुखतं. पण फोटोखाली उभं राहून मी लोकांना खरं मूळ, खरं मूळ म्हणून मारत होते ना, त्याची लाज वाटायची ती गेली." फळ्याच्या वरचा खिळा त्यांनी तसाच ठेवला. त्यावर काही टांगलं नाही. आणि खरं सांगते, त्यानंतर क्लासात एकही कप फुटला नाही. छत्री आपटायची तेवढी राहिली.

मागच्या हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून मी सतीशला मेसेज केला, आणि दोन वर्षांनी तो आला. बाई अर्धवट शुद्धीत होत्या. तो पलंगाच्या डाव्या बाजूला बसला आणि खाली वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत राहिला, बराच वेळ. मी म्हटलं, "सतीशभाऊ, इकडून बोला. त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही." त्याने मान वर केली. "माहीत आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा तिथेच वाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या.

मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. जिवंतपणी भजनाला न बोलावणाऱ्या बायका पहिल्या रांगेत होत्या. मी बाईंची छत्री मांडीवर घेऊन मागे बसले होते. मंडळाचे एक वयस्कर सदस्य बोलायला उभे राहिले. त्यांनी आधी अण्णांना आठवलं, पाच मिनिटं. मग बाईंकडे आले. "लहानपणी टायफॉइडने एक कान गेला, तरी ह्या माउलीने जिद्दीने…"

"टायफॉइड नव्हता," सतीश म्हणाला.

तो उभा राहिला होता. लोकांनी माना वळवल्या. कोणीतरी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवायला बघितलं, त्याने तो हात झटकला.

"टायफॉइड नव्हता. अण्णांनी मारलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात. छत्रीच्या मुठीने. मूठ फुटली एवढ्या जोरात. मी सात वर्षांचा होतो, पाटावर जेवत होतो, मी बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गशिक्षिकेने विचारलं, तुझ्या आईच्या कानाला काय झालं रे? मी म्हटलं, टायफॉइड. वर्गातल्या एका मुलाला झाला होता म्हणून शब्द माहीत होता. ते पहिल्यांदा मी म्हटलं. आईच्या कानावर आलं, तेव्हा ती मला काही बोलली नाही. माझं खोटं पडू नये म्हणून ती पण तेच सांगायला लागली. त्यानंतर अण्णांनी तिला हाताने मारलं, पट्ट्याने मारलं, पण ती छत्री तिने खुंटीवरून काढली होती आणि परत त्यांच्या हातात दिली नाही. थाण्यात तिने खरं सांगितलं तेव्हा मी अण्णांसाठी पळालो नाही. मी माझ्यासाठी पळालो."

तो खाली बसला. व्यासपीठावरचे सदस्य हातातला कागद उलटसुलट करत राहिले. मी उठले, खुर्च्यांमधून पुढे गेले आणि छत्री त्याच्या हातात दिली. त्याने चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि रडला. मी पण रडले, लपवायचं काय त्यात. मग त्याने छत्री मला परत दिली.

"तुमच्याकडे राहू द्या, माधवीताई," तो म्हणाला. "फक्त कोणी विचारलं, ही मूठ कशी फुटली, तर गोड काही सांगू नका."

आता शनिवारचा तास मी घेते. छत्री फळ्याच्या वरच्या खिळ्यावर टांगलेली असते, आणि नव्या बॅचमधलं कोणी ना कोणी विचारतंच. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.